घरच्या माणसाची गाडी

आटगाव, ४ जुलै २०२४

साईनाथ,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ती ओळ मी कोरी ठेवली आहे. तुझी लायकी झाली की भरू.

फोन तू उचलत नाहीस. आधी माझा नंबर ब्लॉक केलास, मग शेजारच्या किराणावाल्याचाही केलास, कारण एकदा त्याच्या फोनवरून मी बोलले होते. टपाल मात्र ब्लॉक करता येत नाही. पोस्टातल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "थायलंडला पत्र? आता कोण लिहितं गो?" मी म्हटलं, ज्याला आपला आवाज नकोसा झालाय त्याला लिहावंच लागतं.

पाकिटात लाल चिंधी आहे. कशाची ते तुला सांगायला नको. पण दुकानात कोणी गिऱ्हाईक उभं असेल आणि त्याने विचारलं तर नीट सांग. आमच्या बाबांच्या गॅरेजचा नियम होता. ज्या गाडीचं काम अर्धवट आहे तिच्या हँडलला लाल चिंधी बांधायची, आणि चिंधी असेपर्यंत ती गाडी कलेक्टर मागायला आला तरी द्यायची नाही. आठवीला तू मुरबाडहून आमच्याकडे शिकायला आलास. शाळेत तुझं डोकं चाललं नाही, गॅरेजमध्ये चाललं. बाबांनी पहिल्या दिवशी तुझ्या हातात पाना नाही दिला, चिंधी दिली.

तीन फेब्रुवारीला जगन गेला. माझा सख्खा भाऊ, तुझा मावसभाऊ, सव्वीस वर्षांचा. जन्मात पहिल्यांदा परदेशात गेला, तुझं दुकान आणि तुझा समुद्र बघायला. तुझ्याच दुकानातून गाडी भाड्याने घेतली आणि तिसऱ्या दिवशी बंदराच्या उतारावर संपला. अपघात कोणाच्या हातात नसतो, असं तू फोनवर म्हणालास. बरं. पण त्यानंतर आईला जे सांगितलंस ते तर तुझ्या हातात होतं ना? "मावशे, काय सांगू तुला, प्यायला व्हता तो."

आमचे बाबा दारूने गेले. खांदा द्यायला तू होतास. दहाव्याला आईने जगनचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, तेव्हाही तू शेजारीच उभा होतास. कुठलं वाक्य बोललं की आई पुढे एकही प्रश्न विचारणार नाही, हे जगात तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तेच बोललास.

आणि तिने खरंच काही विचारलं नाही. जगनचा फोटो मी शहापुरातून मोठा करून, काच लावून आणला. तिने तो हातात घेतला, बघितला आणि ट्रंकेत साड्यांखाली पालथा घातला. म्हणाली, "माझ्या डोक्यावरची शपथ मोडून गेला. मी नाय त्याला हार घालायची." पाच महिने झाले, माझा भाऊ ट्रंकेत आहे.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी. आईला पत्र लिही. तुझ्या हाताने, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. जगन प्यायला नव्हता, आणि गाडीला काय झालं होतं, एवढं दोनच ओळींत. गॅरेजवाल्याच्या मुलाने गाडी तपासून का घेतली नाही, हे मात्र मला विचारू नकोस.

देवकी


आटगाव, २२ ऑगस्ट २०२४

साईनाथ,

सात आठवडे झाले. पत्र मिळालं नाही म्हणू नकोस. पोचल्याची पावती आली आहे आणि तिच्यावर तुझी सही आहे.

जगनच्या पेटीबरोबर तिथल्या हॉस्पिटलचा कागद आला होता. ती अक्षरं आमच्यापैकी कोणाला वाचता येत नव्हती. म्हणून तू फोनवर वाचलास आणि आम्ही मान खाली घालून ऐकलं. अरे, आता मोबाइल वाचतो कुठलीही लिपी! मला हे सुचायला सहा महिने लागले, कारण दुःखात माणूस बावळट होतो आणि तू त्याच्यावरच विसंबला होतास. फोटो काढला, बटण दाबलं. तिसऱ्या ओळीत लिहिलंय: रक्तात मद्य आढळले नाही.

धावत आईकडे गेले. ती भाताच्या शेतावरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. तिने मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "मोबाइल काय बी सांगंल. साईनाथ तिथं व्हता. आपला पोरगा खोटं कशाला बोलंल?"

आपला पोरगा म्हणाली तुला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस कसा असतो ते मी लहानपणी नुसतं ऐकलं होतं.

विमा कंपनीचंही एका ओळीचं पत्र आलं. परदेशात दुचाकी चालवण्याचा परवाना नव्हता, सबब दावा नामंजूर. गावाने त्याचा अर्थ असा लावला की कंपनीसुद्धा हेच म्हणते, प्यायला होता. जगन निघायच्या आधी मी त्याला म्हटलं होतं, तो परवाना काढून घे. तुझा निरोप आला, "इकडं कोण विचारतंय? गाव समजून ये." त्याने गाव समजलं आणि तो आला.

तर मी लायसन काढते आहे. हसू नकोस. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या गाड्या हायवेवर ट्रायलला नेल्या, पोलिसांनी कधी हटकलं नाही, कारण त्यांच्याही गाड्या आमच्याकडेच येतात. आता छत्तिसाव्या वर्षी कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभं राहून आठचा आकडा काढून दाखवायचा आहे. शिकाऊ लायसन हातात आलं. पक्कं महिन्याभराने.

कशाला, ते आज सांगत नाही. तुझी झोप उडायला थोडं काहीतरी शिल्लक ठेवायला हवं.

देवकी


आटगाव, १५ ऑक्टोबर २०२४

साईनाथ,

शनिवारी दसरा झाला. गॅरेजसमोर सकाळपासून गाड्यांची रांग. धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं. गाडी लिंबावरून जाते, फट् आवाज होतो, आणि माणसाला वाटतं की आता वर्षभर आपल्याला काही होत नाही. ब्रेक दाखवून घे म्हटलं तर तोच माणूस म्हणतो, ताई, पुढच्या आठवड्यात बघू.

जगनची खोड तुला माहीत आहे. भाड्याची का असेना, गाडी हातात आली की लिंबू ठेवायचंच. तुझ्या बेटावरही त्याने कुठून तरी हिरवंगार लिंबू पैदा केलं. चाकाखाली ठेवलं, फोटो काढला आणि मला पाठवला: "ताई, मुहूर्त केला." त्याचा शेवटचा फोटो. आठ महिने मी तो रोज बघत होते, आणि आठ महिने मी फक्त लिंबू बघितलं.

शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर टायरवर बसून पुन्हा उघडला. दिवसभर चाकंच बघितली होती म्हणून असेल, पण या वेळी नजर लिंबाच्या मागे गेली. फोटो बोटांनी मोठा केला. डिस्कवर खोल चरे, म्हणजे ब्रेकचं पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. ब्रेकची पकड दोन बोल्टांवर बसते, त्यातला खालचा बोल्ट नाही. बोल्टाच्या जागी तार.

तार कोणीही बांधतो. पण ही तार दोनदा पिळलेली आहे आणि तिचं टोक आत वळवलेलं आहे, चालवणाऱ्याचा पायजमा अडकू नये म्हणून. जगात अशी तार बांधणारी चार माणसं होती. एक बाबा, ते गेले. दुसरा जगन, तोही गेला. तिसरी मी, आणि मी आटगावात होते.

चौथ्याला हे पत्र लिहिते आहे.

म्हणजे तुला माहीत होतं. तूच बांधलीस. बाबांनी शिकवलेल्या मायेने टोक आत वळवलंस, की पोराची पँट फाटू नये! आणि चिंधी न बांधता किल्ली त्याच्या हातात दिलीस. ती तार उतारावर सुटली, पकड चाकात गेली, चाक जागच्या जागी आवळलं. हे मला सांगायला कुठला पोलीस नको. मी बारकू मिस्त्रीची मुलगी आहे.

आईला फोटो दाखवला. चष्मा लावून तिने खूप वेळ बघितलं. ती गाडी जाणते, तिला तार दिसली. पण म्हणाली, "तार बांधली असंल. तो प्यायला नव्हता ह्यो त्या तारेवर कुठं लिवलाय?" खरं आहे तिचं. तारेवर लिहिलेलं नाही. ते तुलाच लिहावं लागणार.

मी रागावले आहे असं समजू नकोस. रागावले होते ते जुलैपर्यंत. आता मला तुझं वाईट करायचं आहे, आणि त्यासाठी डोकं थंड लागतं.

देवकी


आटगाव, २ डिसेंबर २०२४

साईनाथ,

तुझा निरोप पोचला. सरळ द्यायची हिंमत नाही, म्हणून तुझ्या आईला पुढे केलंस. कमळामावशी परवा नव्या तांदळाचं पीठ घेऊन आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "देवकी, साईनाथ म्हंतो ती पत्रा बंद कर. दुकानातली मानसं बघतात, त्याची बदनामी व्हते." चोराच्या उलट्या बोंबा. पत्रांत काय आहे ते तिला माहीत नाही, मीही सांगितलं नाही. तिच्या घरात शिरलं की समोर भिंतीवर तू, मागे समुद्र आणि बाजूला गाड्यांची रांग. आल्यागेल्याला ती चहाच्या आधी तो फोटो दाखवते. तेवढं सुख तिला अजून महिनाभर राहू दे.

कारण मी येते आहे. मुरबाडच्या एका टूरवाल्याबरोबर, बायकांचा ग्रुप आहे. सात जानेवारीला तुझ्या बेटावर उतरू. मी तुझ्या दुकानात येईन आणि रांगेत उभी राहून, परदेशी पाहुणीसारखी, गाडी भाड्याने मागेन.

आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. आरटीओतल्या क्लार्कने पुस्तकावर चारचाकीचाच शिक्का मारला होता. मी परत केलं, म्हटलं दुचाकीचा मारा, नाहीतर हे पुस्तक रद्दी आहे. तो म्हणाला, "बाई, तिकडं एसी बस असते फिरायला." मी म्हटलं, भाऊ आहे तिकडे माझा, त्याच्या दुकानातून गाडी घ्यायची आहे.

आता तुझी तयारी सांगते. मी पासपोर्ट देणार नाही. तू सगळ्यांचे ठेवून घेतोस असं कळलं. तुला झेरॉक्स मिळेल. विमा मी स्वतःचा आणते आहे, कागद पूर्ण वाचून. तुझ्या गाडीचा कागद तू दाखवायचास. हेल्मेट मी आटगावहून आणेन, जगनचं, जे त्याने ओझं नको म्हणून घरी ठेवलं होतं. मग गाडी. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दोन्ही टायर नखाने, चेन, दिवे, आरसे. प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढेन, आणि बोलत काढेन, मराठीत, मोठ्याने. उद्या परत देताना जुना ओरखडा तू माझ्या नावावर खपवू नयेस म्हणून. तुझ्याकडे हेही चालतं असं लोक लिहितात.

बॅगेत पंधरा चिंध्या घेते आहे. आईचं जुनं लाल लुगडं फाडलं.

देवकी


तुझं बेट, ११ जानेवारी २०२५, सकाळ

साईनाथ,

आमची बोट अकराला आहे. तुझं शटर बंद, म्हणून हे खालून सरकवते. काल बोलताना माझा श्वास पुरला नाही, म्हणून उरलेलं इथे.

तुला वाटलं होतं मी एकटी येईन, रडेन, तू मला आत नेऊन थंड काहीतरी पाजशील. मी रस्त्यापलीकडे अर्धा तास उभी होते. डोंबिवलीचा ग्रुप येईपर्यंत थांबले. नऊ जण, टोप्या घालून, हसत. तू त्यांना "या, आपलंच दुकान समजा" म्हणालास. जगनला "गाव समजून ये" म्हणालास, तसंच! तेव्हा मी रस्ता ओलांडला.

मला बघून तुझ्या हातातल्या किल्ल्या पडल्या. तू वाळला आहेस. एवढं वाटलं, पण त्याच्यापुढे काही वाटलं नाही.

चौदा गाड्या होत्या. मी पहिल्या गाडीपाशी खाली बसले आणि सुरुवात केली. त्या लोकांना वाटलं मी दुकानातलीच. एकीने विचारलं, "ताई, कुठली गाडी चांगली?" मी म्हटलं, बघून सांगते. तू माझ्यामागून फिरत होतास, "ताई, नको ना, ताई, आत चल ना," आणि मी एकेक ब्रेक दाबत होते. तिसऱ्या गाडीच्या मागच्या टायरला नक्षीच उरली नव्हती. चिंधी. पाचवीच्या ब्रेकचं तेल गळत होतं. चिंधी. आठवीला तार. अजूनही तार, साईनाथ? वर्ष झालं नाही आणि अजून तार? त्या गाडीला मी दोन चिंध्या बांधल्या.

सहा गाड्या लाल झाल्या. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मराठी माणसाचं दुकान म्हणून तर आम्ही आलो." मी म्हटलं, म्हणूनच वाकून बघा. मग त्यांना सांगितलं, गेल्या फेब्रुवारीत इथून माझ्या भावाने गाडी घेतली. नाव सांगितलं. तुझं त्याच्याशी नातं सांगितलं. ते निघून गेले. जाताना त्यातल्या एका मुलीने माझ्या हाताला हात लावला, आणि मला वाटतं तू तेव्हाच मोडलास.

"धंदा बुडवलास माझा," म्हणालास. हो. तेवढ्यासाठीच तीन हजार किलोमीटर आले.

चिंधी नसलेल्यांतली एक मी घेतली. झेरॉक्स दिली, व्हिडिओ काढला, जगनचं हेल्मेट डोक्यावर आवळलं. बंदराच्या उतारावर गेले. आपल्यासारखीच डावीकडून चालवायची आहे, म्हणून माणूस गाफील राहतो. वळणावर वाळू आहे, ती जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. बाबा सांगायचे, उतार ब्रेकवर नाही, गिअरवर उतरायचा. दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, तळाशी गाडी बाजूला घेतली. तिथे काहीच नाही. एक शहाळ्यांची गाडी आहे. मी हेल्मेट न काढता रडले, तेवढा त्याचा उपयोग झाला.

परत आले तेव्हा तू लिहीत बसला होतास. भाड्याच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला, दोन पानं, तेच कोंबडीचे पाय. मी वाचलं. सगळं आहे त्यात. थोडं जास्तच आहे.

आणि मग तू म्हणालास, "मावशीला वाच. पण माझ्या आयसमोर नको वाचू, ताई. पाया पडतो."

उत्तर आत्ता देते. बावीस तारखेला, तिथीने, जगनचं वर्षश्राद्ध आहे. कमळामावशी येणार आहे. मी तिला माझ्या शेजारी बसवीन.

देवकी


आटगाव, २५ जानेवारी २०२५

साईनाथ,

वाचलं.

जेवणं झाली, बाहेरची माणसं गेली. ओसरीवर आई, कमळामावशी आणि मी. मी म्हटलं, साईनाथचं पत्र आलंय. मावशीचा चेहरा खुलला. पण मी वाचलं. "जगन दारू प्यायला नव्हता. तो आला तेवढे दिवस थेंबही प्यायला नाही, मी आग्रह केला तरी नाही. गाडीचा पुढचा ब्रेक मी तारेने बांधला होता. सीझन होता, गाड्या कमी पडत होत्या. मला माहीत होतं. मावशीने काही विचारू नये म्हणून मी खोटं बोललो."

आई उठली. आत ट्रंकेची कडी वाजली. ती फोटो घेऊन आली, पदराने काच पुसली आणि मला म्हणाली, "खिळा ठोक गो." मी ठोकला. तिने स्वतः हार घातला आणि त्याच्या गालावरून, काचेवरून, हात फिरवत राहिली. "पोरा," म्हणाली, "मी तुला अंधारात ठेवला रे." यासाठी मी तुझा जीव घ्यायला तयार होते, आणि पुन्हा होईन.

मावशीकडे मी नंतर बघितलं. ती तशीच बसली होती. तिने आईचे पाय धरले नाहीत, रडली नाही. पिशवी उचलली आणि म्हणाली, "माजी मुरबाडची यष्टी जाईल."

काल मी तिच्याकडे गेले. खोटं कशाला बोलू, बघायलाच गेले. दारातून शिरलं की समोर जिथे तू होतास तिथे आता भिंतीवर कोरा चौकोन आहे. बाकी भिंत धुराने काळवंडली आहे, तेवढाच तुकडा पांढरा. फोटो भाताच्या कणगीमागे, पालथा. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सकूनं, तुज्या आयनं, वरीसभर तिचा ठेवला. आता मी माजा ठेवते."

तुझं वाईट करायचं होतं, ते झालं. मी वर्षभर हेच मागत होते. तिच्या हातचा चहा घेतला आणि परत आले.

देवकी


आटगाव, ३ फेब्रुवारी २०२५

साईनाथ,

आज तारखेने वर्ष झालं. आज तुला शिव्या द्यायला लिहीत नाही. एक गोष्ट तुझी आहे, ती तुला परत करायची आहे.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी वाचली नाही. दुसऱ्या पानावरची. तू लिहिली होतीस: "जगनने चाकापाशी वाकून ब्रेकला हात घातला होता. मग हसून उठला आणि म्हणाला, ताईने बजावलंय, घरच्या माणसाची गाडी उलटीपालटी करून बघायची नाय, साईनाथला वाईट वाटंल." तिथे आले आणि मी पान उलटलं.

ते खरं आहे. तो तुझ्या दुकानात गाडी घ्यायला निघाला त्या सकाळी मी फोनवर त्याला तेच सांगितलं. मला तुझा अभिमान होता रे. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले तेव्हा माझं सामान आणायला टेम्पो घेऊन तू एकटाच आला होतास. तुझ्या गाडीवर शंका म्हणजे तुझ्यावर शंका, असं मला वाटलं. परक्याच्या दुकानात त्याने चाक काढून बघितलं असतं. मी त्याला वाकलेला सरळ केला. सहाही पत्रांत तुला मी काय काय म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ही ओळ माझ्या मांडीखाली दाबलेली होती.

सकाळी आई मागच्या दारी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी पान घेऊन समोर बसले आणि ती ओळ वाचली. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू फोनवर बोलत व्हतीस तवा मी हितंच बसली व्हती."

मी म्हटलं, आई, मग फोटोत तार बघितलीस तेव्हाच बोलली का नाहीस?

"काय बोलू? एक गेला. तुला बी घालवू?"

तिने दाणे टोपलीत टाकले आणि पुढची शेंग घेतली. मी तुला वर्षभर जे दिलं त्यातलं तिने मला काहीच दिलं नव्हतं, आणि तिच्याकडे माझ्याइतकंच कारण होतं.

तू केलंस ते केलंस. तार तू बांधलीस आणि खोटं तू बोललास, त्यातलं काही मी कमी करत नाही. तुला माफ केलं असं इथे कुठे लिहिलेलं नाही, शोधू नकोस. पण कमळामावशीने अर्धंच ऐकून तुझा फोटो उतरवला. उरलेलं तिला मी वाचून दाखवणार आहे. मग ती तुला वर चढवते, की मला दारातून बाहेर काढते, ते तिचं ती ठरवेल.

मुरबाडला जायला गाडी बाहेर काढायला गेले तर हँडलला लाल चिंधी. मी बांधली नव्हती. आईला विचारलं. म्हणाली, "काल तू आलीस तवा मागच्या ब्रेकचा आवाज येत व्हता. आदी बघ, मग जा."

वाकून बघितलं. ब्रेकचा नट सैल झाला होता. आवळला, चिंधी सोडली, आणि हे पत्र पाकिटात घालून निघते आहे.

ताई